ठोकळे मिळतात, शीड मिळत नाही: लेगोची जुनी चाचे-गलबतं जमवायला निघालेल्यांसाठी

मी पहिलं जुनं गलबत घेतलं तेव्हा फोटोत सगळं काही होतं. डोलकाठ्या, तोफा, कप्तान, झेंडा, आणि वाऱ्यानं फुगल्यासारखी दिसणारी पट्ट्यापट्ट्यांची शिडं. पार्सल उघडून शिडाला हात लावला आणि कळलं की हे कुणीतरी घरच्या प्रिंटरवर छापून कात्रीनं कापलेलं कापड आहे. विकणारा तसा खोटंही बोलला नव्हता. ‘९८ टक्के पूर्ण’ असं त्यानं लिहिलं होतं. मोजून पाहिलं तर ठोकळे खरोखरच जवळजवळ सगळे होते. उरलेले २ टक्के म्हणजे तीन शिडं, दोन शिड्या आणि कप्तानाची टोपी. ते दोन टक्के जमवायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्यात गेलेले पैसे मूळ गलबताच्या किमतीच्या आसपास पोचले.

या छंदात नव्यानं येणाऱ्याला मी एवढंच सांगेन: चाचे-संचाची किंमत ठोकळ्यांत नसते, जे ठोकळे नाहीत त्यात असते. कापड, दोरा, पातळ प्लॅस्टिक, छापलेली माणसं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

१. आधी इतिहास, मग पाकीट

ही पायरी गाळू नका. कुठलं गलबत कुठल्या काळातलं हे कळलं की निम्म्या फसवणुकी आपोआप टळतात.

लेगोचा आज आपण ओळखतो तो छोटा माणूस, म्हणजे मिनिफिगर, १९७८ साली आला. त्याचा जनक येन्स न्युगोर क्नुडसेन. पुढची अकरा वर्षं या माणसाचा चेहरा एकच होता: दोन ठिपके आणि एक हसू. शूर सरदार असो की अंतराळवीर, सगळे सारखेच खूश. १९८९ मध्ये चाच्यांची मालिका आली आणि हे मोडलं. डोळ्यावर पट्टी, दाढी, वाढलेले खुंट, मिशा, ओठ रंगवलेली चाचीण. हाताच्या जागी आकडा आणि पायाच्या जागी लाकडी खुंट असलेला माणूसही पहिल्यांदाच दिसला. पिस्तूल आणि बंदूक या वस्तू लेगोनं तोवर टाळल्या होत्या, त्यासुद्धा याच मालिकेत आल्या. शिवाय माकड, पोपट आणि शार्क. थोडक्यात, या मालिकेपासून लेगोच्या माणसाला स्वभाव आला. म्हणून त्या काळातला एक साधा चाचा आजही लोक जिवापाड जपतात.

दुसरी गोष्ट गलबताच्या बांधणीची.  इथे गलबताचं पोट मोठ्या, एकसंध साच्यातून काढलेलं होतं: पुढचा तुकडा, मागचा तुकडा आणि मध्ये लागतील तितके मधले. मधले वाढवले की गलबत लांब. एवढ्या साध्या युक्तीमुळे लहान मुलालाही तासाभरात डौलदार आकार मिळायचा. वर कापडी शिडं आणि प्लॅस्टिकच्या दोरशिड्या. पुढच्या अनेक गलबतांनी हाच साचा गिरवला.

पक्ष लक्षात ठेवले की बाकीचं सोपं जातं:

१९८९: एकीकडे चाचे, दुसरीकडे निळ्या डगल्यातले सैनिक. याच वर्षीचं ६२८५ नंबरचं ‘ब्लॅक सीज बॅराकुडा’ हे सगळ्यांच्या स्वप्नातलं गलबत, आणि ६२७६ ‘एल्डोराडो फोर्ट्रेस’ हा सैनिकांचा किल्ला.
१९९२: निळे जाऊन लाल डगलेवाले आले. ६२७१ ‘इम्पीरियल फ्लॅगशिप’ त्यांचं.
१९९३: ६२८६ ‘स्कल्स आय स्कूनर’, चाच्यांचं दुसरं मोठं गलबत.
१९९४: बेटवासी. १९९६: स्पॅनिश धाटणीचं आरमार.

त्यानंतर मूळ मालिका थांबली. २००२ मध्ये बॅराकुडा १०००० च्या घरातला नंबर घेऊन, १००४० म्हणून, पुन्हा निघालं. २००४ मध्ये लहानग्यांसाठी मोठ्या आकाराच्या माणसांचे चाचे आले. जमवणारे बहुतेक त्यांच्याकडे वळून बघत नाहीत, मीही नाही. २००९ मध्ये मालिका परतली, २०१० मध्ये १०२१० हे १६६४ तुकड्यांचं मोठं गलबत आलं, २०१५ मध्ये आणखी एक छोटा फेरा झाला. २०२० मधलं २१३२२ ‘पायरेट्स ऑफ बॅराकुडा बे’ तर फुटलेल्या बॅराकुडावर वसवलेलं बेट आहे, आणि बेट मोडून पुन्हा गलबत जोडता येतं. ज्यांनी लहानपणी मूळ गलबत काचेपलीकडूनच पाहिलं, त्यांना उद्देशून केलेला हा खेळ आहे, दुसरं काय.

बदल किती झाला ते पाहायचं तर एल्डोराडोचे दोन किल्ले शेजारी ठेवा. १९८९ चा ५०६ तुकड्यांचा, २०२३ चा (१०३२०) २५०९ तुकड्यांचा. जुना किल्ला एका उंचसखल, साच्यातून काढलेल्या पायावर बसतो. उतार आणि खड्डा त्या पायातच आहेत. नव्यात तो डोंगर ठोकळ्यांनी रचायचा. जुना पटकन उभा राहून खेळायला लागतो, नवा रचण्यातच गंमत देतो. मला विचाराल तर जुना. पण तो उंचसखल पाया पातळ असतो, तडकतो, आणि सुटा मिळाला तर महाग मिळतो, हेही ध्यानात असू द्या.

२. एकच वाट निवडा

‘सगळे चाचे’ जमवायला निघाल्यास घर भरेल आणि एकही संच पूर्ण होणार नाही. सुरुवातीला एक वर्ष, एक पक्ष किंवा एकच गलबत धरा. फक्त माणसं जमवणं हीसुद्धा चांगली वाट आहे: जागा कमी लागते आणि मालिकेचा इतिहास त्यांच्या चेहऱ्यांवरच लिहिलेला आहे.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारून घ्या. तुम्हाला गलबत मांडायचं आहे की बंद खोकं? बंद खोक्याचं जग निराळं आहे. तिथे खोक्याची कड दबली तरी भाव पडतो. या लेखात मी मांडायच्या गलबताबद्दल बोलतो आहे.

३. नाव विसरा, नंबर पाठ करा

नावावर कधीही खरेदी करू नका. ‘इम्पीरियल फ्लॅगशिप’ १९९२ चंही आहे आणि २०१० चंही. एकात ३१७ तुकडे, दुसऱ्यात १६६४. ‘शिपरेक आयलंड’ १९८९ मध्ये ६२६० होतं आणि १९९६ मध्ये ६२९६. उलटंही होतं: एकाच संचाला देशागणिक वेगळं नाव. अमेरिकेतलं ‘ब्लॅक सीज बॅराकुडा’ ब्रिटनमध्ये ‘डार्क शार्क’ म्हणून विकलं गेलं, आणि त्यावरचा कप्तान कुठे रेडबियर्ड, तर कुठे रॉजर. नंबर मात्र सगळीकडे तोच.

नंबर कळला की तीन संकेतस्थळं उघडायची. ब्रिकसेटवर वर्ष, फोटो आणि थोडक्यात माहिती. ब्रिकलिंकवर प्रत्येक तुकड्याची यादी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागच्या सहा महिन्यांत तो संच खरोखर कितीला विकला गेला याची नोंद. रिब्रिकेबलवर तुमच्याकडच्या तुकड्यांतून काय बनतं ते. बांधणीच्या पुस्तिका लेगोच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात, पण साधारण १९९६ नंतरच्याच. त्याआधीच्या चाहत्यांनी स्कॅन करून ठेवल्या आहेत, त्या शोधाव्या लागतात.

एक सापळा: ‘विक्रीस मांडलेला’ भाव आणि ‘विकला गेलेला’ भाव यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. कुणीही कितीही मागू शकतं. तुम्ही दुसराच बघा.

४. जवळ काय हवं

यादी लहान आहे:
तुकड्यांची छापील यादी आणि पेन.
भिंग किंवा फोनचा चांगला कॅमेरा.
ठोकळे सोडवायचं लेगोचं चपटं साधन. दात वापरू नका. तुमच्या आधीच्या मालकानं वापरले होते, त्याच्या खुणा लवकरच दिसतील.
मऊ ब्रश, चाळण, जुना टॉवेल.
लहान-लहान बंद होणाऱ्या पिशव्या, लेबलांसकट.
नोंदवही: कुठून, कधी, कितीला, काय कमी होतं.

५. पैसे देण्याआधी फोटो मागवा, या क्रमानं

इथे घाई केली की माझ्यासारखं होतं. विकणाऱ्याला हे फोटो मागा, आणि ‘वेळ नाही’ म्हणाला तर सोडून द्या.

शिडं. प्रत्येक शीड वेगळं, सपाट, दोन्ही बाजूंनी. मूळ कापडाच्या कडा साच्यानं कापलेल्या, नीट असतात. छाप पक्की असते. भोकांशी कापड फाटलेलं आहे का? उन्हानं रंग उडाला आहे का? घडीची रेघ चालेल, फाटलेलं भोक नाही. नक्कल केलेली शिडं वाईट नसतात, मांडायला बरीही दिसतात, पण ती नक्कल म्हणून आणि नकलेच्या भावात घ्यावीत.

दोरशिड्या आणि दोरा. डोलकाठीकडे जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीचा एक चौकोनही तुटलेला नको. जुन्या शिड्या कडक होतात आणि ओढल्या की तुटतात. दोरा बदललेला असला तर चालेल, दोऱ्यासाठी कुणी रडत नाही.

माणसं. प्रत्येकाचा पुढून, मागून, आणि बगलेतून फोटो. बगलेतून का? कारण धडाला तडा जातो तो बहुतेक बाजूनं, हाताखाली. पुढून पाहिलं तर कळतही नाही. छाप घासलेली आहे का, हात ढिले आहेत का, खांद्यावरचे झुपके आहेत का, टोपी त्याचीच आहे का. तिकोनी टोपी, दुकोनी टोपी आणि सैनिकांची उंच टोपी एकमेकांच्या डोक्यांवर सर्रास चढवलेल्या सापडतात. बॅराकुडावर आठ माणसं असायला हवीत. सातच असतील तर आठवा बहुधा कप्तान असतो, आणि ते अपघातानं झालेलं नसतं.

खरं-खोटं. प्रत्येक ठोकळ्याच्या गोल उंचवट्यावर बारीक अक्षरांत कंपनीचं नाव असतं. माणसाच्या मानेवरही असतं. डोकं काढून बघायला सांगा. डोक्याच्या वरच्या उंचवट्यावरून काळही कळतो. जुन्या डोक्यांत तो भरीव, नंतरच्यांत उघडा, म्हणजे पोरानं गिळलंच तर हवा जायला वाट राहावी. १९८९ चं म्हणून दिलेल्या चाच्याचं डोकं अगदी अलीकडच्या धाटणीचं असेल तर ते बदललेलं आहे.

रंग. हा नवख्यांना हमखास फसवणारा भाग. २००४ च्या सुमारास लेगोनं करडे आणि तपकिरी रंग बदलले. जुना करडा किंचित पिवळसर झाक असलेला, नवा निळसर. जुना तपकिरी मातकट, नवा लालसर. ब्रिकलिंकवर हे ‘लाइट ग्रे’ आणि ‘लाइट ब्लुइश ग्रे’, ‘ब्राउन’ आणि ‘रेडिश ब्राउन’ असे वेगळे नोंदवले जातात. जुन्या किल्ल्याच्या भिंतीत नव्या करड्याचा एक ठोकळा घातला की तो नव्या दातासारखा उठून दिसतो. फोटो दिवसाच्या उजेडात मागा. पिवळ्या दिव्याखाली दोन्ही करडे सारखेच. याच कारणानं १००४० हे पुनर्मुद्रित गलबत उपयोगी पडतं: ते रंग बदलण्याआधीचं आहे, त्यामुळे त्याचे तुकडे मूळ बॅराकुडाशी जुळतात.

तोफा. अमेरिकेत विकलेल्या तोफांतून गोळा उडत नसे, इतरत्र विकलेल्यांतून स्प्रिंगनं एक छोटा गोल ठोकळा उडायचा. दोन्ही अस्सल. पण एकाच गलबतावर दोन्ही जातींच्या तोफा असतील तर ते दोन संचांतून जुळवलेलं आहे हे समजा.

पोट. गलबताचे मोठे तुकडे आतून पाहा, तळाला आणि जोडांपाशी. चिरा पडलेल्या पोटाला उपाय नाही.

६. घ्यायचं कसं: तीन वाटा

पूर्ण संच ही सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत निवांत वाट. पहिल्यांदा हीच घ्या, मात्र पाचवी पायरी पूर्ण करून.

मिसळलेला ढीग म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरचं खोकं, किलोच्या भावात. फोटोत गलबताच्या पोटाचा एक मोठा तुकडा दिसला की आपले डोळे चमकतात. जरा थांबा. पोट मोठं असतं म्हणून ते टिकतं, आणि नेमकं तेच तुम्हाला आधीच सहज मिळणार असतं. ढिगात शोधायचं ते कापड, टोप्या आणि पोपट. पोपट दिसला तर मी विचार न करता घेतो, हा माझा वैयक्तिक दुबळेपणा समजा.

सुट्या तुकड्यांतून संच उभा करणं ही तिसरी वाट. ब्रिकलिंकवर ‘हवे आहेत’ अशी यादी टाकायची आणि थोड्या विक्रेत्यांकडून जास्तीत जास्त तुकडे घ्यायचे. इथे सगळे एकच चूक करतात: साधे ठोकळे आधी घेतात, कारण ते स्वस्त आहेत आणि टोपली भरलेली छान दिसते. मग शेवटी शिडांशी अडतात, आणि हाती राहतं एक बोडकं गलबत. उलट्या क्रमानं जा. आधी शिडं, मग माणसं, मग पोट आणि दोरशिड्या. ही मिळाली नाहीत तर पुढे जाऊच नका. काळे, पिवळे, पांढरे साधे ठोकळे कधीही मिळतील. आणि टपाल मोजा: वीस विक्रेत्यांकडून वीस पाकिटं आली तर टपालाचा खर्च गलबताला भारी पडतो.

७. आल्या दिवशीच मोजा

पार्सल आलं की जोडायला बसू नका, हा मोह मोठा आहे. यादी समोर घ्या, टॉवेल पसरा, रंगानुसार वाटा, एकेक खूण करा. तक्रारीची मुदत बऱ्याच ठिकाणी थोड्याच दिवसांची असते, आणि गलबत जोडून झाल्यावर आत कुठे काय कमी आहे ते कळत नाही. तडकलेल्या वस्तूचा फोटो पार्सलच्या खोक्यासकट काढून ठेवा.

८. धुणं

कोमट पाणी, सौम्य साबण, हात. पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर नको, ठोकळे वाकतात. कपड्यांचं मशीन, भांड्यांचं मशीन, केस वाळवायचं यंत्र, ऊन: चारही बंद. चाळणीत घेऊन हलवा, टॉवेलवर पसरा, एक दिवस राहू द्या. पोकळ तुकड्यांत पाणी अडकतं, ते उलटे ठेवा.

शिडं यात टाकू नका. धूळ असेल तर मऊ ब्रशनं झटका. फारच मळली असतील तर वेगळ्या भांड्यात थंड पाण्यात बुडवून, न चोळता, सपाट वाळवा. इस्त्री नाही. दोन जाड पुस्तकांमध्ये आठवडाभर ठेवली तर घड्या बऱ्याच जातात. स्टिकर लावलेले तुकडे आणि धातूचा भाग असलेलं काहीही पाण्याबाहेर ठेवा. माणसांचे हात-पाय उपटून धुवू नका. धडाला तडे जायचं तेही एक कारण आहे.

९. पिवळेपणा

पांढरे आणि निळे तुकडे उन्हानं पिवळट, हिरवट पडतात. अतिनील किरणं प्लॅस्टिकवर काम करतात, घासून तो रंग जात नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवण्याची एक रीत प्रसिद्ध आहे, आणि तिनं पांढरा रंग खरंच परत येतो. मी ती दोनदा केली. पहिल्यांदा छान झालं. दुसऱ्यांदा जास्त वेळ राहिलं आणि निळ्यावर ढगाळ डाग आले, ते आजही आहेत. वर्षभरात पहिल्या खेपेचेही काही तुकडे पुन्हा पिवळे पडले. करणार असाल तर हातमोजे आणि चष्मा घाला, छापलेले तुकडे त्यात टाकू नका, आणि आधी एक बिनमहत्त्वाचा ठोकळा टाकून पाहा. साधा पांढरा ठोकळा असेल तर मी आता सरळ दुसरा घेतो.

१०. मांडणं आणि ठेवणं

खिडकीसमोर नको, समोरच्या भिंतीवरही दुपारचं ऊन येत असेल तर नको. काचेचं कपाट धुळीसाठी उत्तम. शिडांवर बसलेली धूळ सगळ्यांत वाईट, कारण ती पुसता येत नाही. दोरशिड्या ताणून बांधू नका, थोड्या सैल सोडा. वर्षानुवर्षं ताण राहिला की त्या भोकापाशी तुटतात.

मोडून ठेवायचं असेल तर शिडं सपाट, दोन कोऱ्या कागदांमध्ये, गुंडाळून नाही. माणसं वेगळ्या पिशवीत, टोप्या काढून. पिशवीवर संचाचा नंबर आणि काय कमी आहे ते लिहा. माझ्या ६२८५ च्या पिशवीवर अजून लिहिलेलं आहे: ‘मधलं शीड, उजवा कोपरा किंचित फिका. बदलायचं.’ तीन वर्षं झाली. तसंच शीड दोनदा विक्रीला आलं होतं, आणि दोन्हींचा उजवा कोपराही फिकाच होता.